चार नमुने, एक आत्ती

आत्ती,

परवा मंगळवारी माझा पीएच.डी.चा व्हायवा झाला. तू येणार होतीस. जांभळं इरकल पेटीतून काढून वलणीवर टाकलं होतंस, आणि "मी पहिल्या रांगेत बसणार, मला मागनं ऐकू येत न्हाई," असं डेअरीच्या रांगेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस. आणि त्याच्या नऊ दिवस आधी, भर दुपारी, म्हशीची पेंड भिजवता भिजवता गोठ्याच्या उंबऱ्यावर बसलीस ती बसलीसच. हात घमेल्यातच होता. डॉक्टर म्हणाले, हार्ट. एवढंच.

मी रडले. पोटभर रडले. पण तुला माहीत आहे, माझा स्वभाव तुझ्यावरच गेलाय. रडून झालं की भांडायला मोकळी. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. ते आज पुरं करते. तू मधे बोलू शकणार नाहीस, एवढा एकच फायदा मला झालाय.

भांडण मिश्रीचं.

तव्यावर तंबाखू भाजायला घेतलीस की आमची अख्खी गल्ली शिंकायची. मग ती कुटून, वस्त्रगाळ करून पत्र्याच्या डबीत. सकाळी दूध घालून आलीस की पायरीवर तू आणि शेजारची शेवंताकाकी. दोघींची बोटं दातांवर, आणि तोंडात बोट असूनही गावातल्या एकाही माणसाची खबर सुटायची नाही. मी सातवीत होते तेव्हा तुझ्या डबीला हात लावला, तर असा फटका मारलास की डबी उडून मोरीत गेली. "तू पुस्तक धर. हे आमचं." म्हणजे वाईट आहे हे तुला तेव्हाच कळत होतं. मग मी बारा वर्षं सांगत होते ते काय वेगळं होतं गं?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आबांना रानातून सवड नव्हती, आई लाजायची. म्हणून प्रवेशाला तू आलीस. तू नवऱ्याचं घर सोडून कायमची भावाकडं आलेली, आणि ते सांगायलाही कधी लाजली नाहीस. "सासरची म्हस मारकी हुती, आणि नवरा तिच्याहून. म्हशीला दावं तरी हुतं," हे तुझं ठरलेलं उत्तर. कॉलेजच्या खिडकीवरच्या क्लार्कला तू विचारलंस, "पावणं, ह्ये शिक्षण किती वर्सांत संपतं?" तो म्हणाला, तीन. मग एम.एस्सी.ची दोन झाली. मग पीएच.डी. सुरू झाली आणि संपेचना. शेवंताकाकी पायरीवरून विचारायची, "हिराक्का, पोरगी नापास हुतीया काय गं सारखी?" आणि तू थुंकून यायचीस, नीट बसायचीस आणि म्हणायचीस, "तुझी म्हस गाभण ऱ्हायला तीन वर्सं लागली. तवा मी काय बोललो हुतो?"

मी नेमकं काय करते हे घरात फक्त तू विचारलंस. बाकीच्यांना "कॅन्सरवर शिकतीया" एवढं पुरत होतं. तुला पुरलं नाही. धार काढताना तू मला समोर पाटावर बसवलंस आणि म्हणालीस, "सांग. समजंल असं सांग."

मी सांगितलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात, त्यांच्यावर जनुकं असतात. बहुतेक जनुकांच्या दोन प्रती. एक आईकडची, एक बापाकडची. तोंडाच्या कॅन्सरच्या गाठीत एका गुणसूत्रावरचा एक छोटा पट्टा पुष्कळदा वाढलेला सापडतो. दोनाच्या जागी सहा-सात प्रती. हे जगाला आधीपासून माहीत आहे. पण त्या पट्ट्यात जनुकं वीस-बावीस. त्यातलं खोडी काढणारं कोण आणि नुसतं गर्दीत उभं राहिलेलं कोण, ते आपल्याकडच्या रुग्णांत आम्ही शोधत होतो. आमचा संशय एका कायनेजवर होता.

"त्ये काय असतंय?"

"पेशीत कामं करणारी प्रोटीनं असतात. कायनेज त्यांच्यावर एक बारीक ठिपका ठेवतं, फॉस्फेटचा. ठिपका बसला की ते प्रोटीन कामाला लागतं. ठिपका निघाला की थांबतं."

"हिरीवरच्या मोटारीचं बटण म्हण की."

"व्हय. आणि गाठीत ही बटणं जास्त झाल्यात. पेशीला 'वाढ, वाढ' म्हणून सांगत्यात, थांबतच न्हाईत."

चरवीत धारेचा आवाज थांबला. तू मान वर केलीस. "म्हंजे ऑटोवर ऱ्हायलंय."

त्या एका शब्दावर माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण उभं राहिलं, आत्ती. तुझं ते ऑटोचं प्रकरण गावात कोण विसरलंय? लाईट कधी येईल भरवसा नाही म्हणून मोटारीचा ऑटो स्विच लावून तू मुरगूडला लग्नाला गेलीस. इकडं लाईट आली, मोटार आपोआप सुरू झाली आणि बंद करायला कोणीच नाही. दोन दिवसांनी तू जेवणाचे लाडू घेऊन परत आलीस, तर शेवंताकाकीच्या भुईमुगात बेडकं पोहत होती. तिनं तुला कसं पकडलं तेही तूच मला सांगितलंस. पाणी तिच्या रानात होतं, पाटलाच्या उसात होतं आणि खालच्या परड्यातही होतं. कुठं जास्त, कुठं कमी. ती नुसती ओरडली नाही, बांधाबांधानं फिरली आणि तिन्हीला लागून असलेला एकच बांध काढला. आपल्या विहिरीचा.

"तसंच बघ की," तू म्हणालीस. "एकाच्या गाठीत पट्टा केवढा, दुसऱ्याच्या केवढा. सगळ्यांत सारखा भिजलाय तो तुकडा कुठला?"

आत्ती, हीच पद्धत आहे. पुस्तकात तिला मोठं नाव आहे. कुणाच्या गाठीत लांब तुकडा वाढलेला, कुणाच्या आखूड. एकावर एक ठेवत गेलं की सगळ्यांत सामाईक असा एक लहान भाग उरतो. आमच्या गाठींत तो उरला तेव्हा त्यात चार जनुकं होती, आणि त्यातलं एक ते कायनेज. त्याचं खरं नाव इंग्रजी अक्षरं आणि आकडे, गाडीच्या नंबर प्लेटसारखं. तू त्याला ऑटो म्हणालीस. मग मीही. मग प्रयोगशाळेत सगळेच. एकदा तर माझे मार्गदर्शक सर मीटिंगमध्ये गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "ऑटोचं काय झालं?" आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटलं, आम्ही रिक्षा मागवलीय.

पण गाठी तपासून भागत नव्हतं. वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या पण कॅन्सर नसलेल्या बायकांच्या गालाच्या आतल्या पेशीही हव्या होत्या. त्यांच्यात ऑटोच्या प्रती दोनच आहेत की तिथंही वाढायला लागल्यात, हे कळल्याशिवाय सगळं अर्धवट. मी गावात चार घरं फिरले. बायका दार अर्धं उघडून म्हणायच्या, "नको बाय, उगंच काय निघालं तर?"

तू म्हणालीस, "प्रयोगाला कोण येईल गं? हळदीकुंकवाला येतील."

आणि संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी आईनं घातलेल्या हळदीकुंकवाला तू प्रयोग जोडून दिलास. ओसरीत हळदीकुंकू आणि तिळगूळ. आतल्या खोलीत गावच्या आरोग्यसेविका आशाताई संमतीचा कागद वाचून दाखवायच्या, सही किंवा अंगठा घ्यायच्या, गालात बारीक ब्रश फिरवून नळीत टाकायच्या. नाव फक्त त्यांच्या वहीत, माझ्याकडं नुसता नंबर. वाण म्हणून मी टूथब्रश आणि पेस्ट ठेवली होती. हुशारी वाटली होती मला माझीच. तू तुझ्या वाणाच्या ब्रशनं दुसऱ्या दिवशी दुधाच्या किटलीचं झाकण घासायला घेतलंस. "लई ब्येस ब्रश हाय," म्हणालीस. तोंडात बोट होतंच.

चाळीस नळ्या घेऊन मी विद्यापीठात आले तेव्हा बसमध्ये कुणाचा धक्का लागू दिला नाही. नवी नवरीसुद्धा एवढी जपून बसत नसेल.

पुढचं वर्षभराचं काम एका वाक्यात सांगते. कोरोनात सगळ्यांना माहीत झालेली ती पीसीआर करायची, प्रती मोजायच्या, पुन्हा मोजायच्या. सगळ्या बायकांत ऑटोच्या प्रती दोनच्या आसपास. गाठींत सहा, सात, एकीत नऊ. मी खूश. सर खूश नव्हते. सर हळू बोलणारा माणूस, पण प्रश्न असा टाकतात की कानात खडा गेल्यासारखा राहतो. "वैशाली, तुझी मोजणी डुलत नाही कशावरून? आज दोन आलं, उद्या त्याच बाईचं साडेतीन आलं तर?" आणि ते म्हणाले, लिहायला बसण्याआधी सगळ्या नमुन्यांची ओळखपरेड करून घे. म्हणजे प्रत्येक नळीतल्या डीएनएवरच्या काही खुणा तपासायच्या, कुठं सरमिसळ झाली नाही ना ते बघायचं.

ओळखपरेड झाली. आणि चार नळ्या हुबेहूब एकसारख्या निघाल्या.

सख्ख्या बहिणी इतक्या सारख्या नसतात. फार तर जुळ्या, आणि त्याही एका अंड्यातून झालेल्या. चार बायका अशा असू शकत नाहीत. सरांनी कागद उलटा ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाले, "नमुने कमी पडले म्हणून तू कुठं..." आणि वाक्य तिथंच सोडलं.

त्या सोडलेल्या वाक्याचा अर्थ मला पुरता कळला. एकीचा नमुना चार नळ्यांत ओतला आणि चाळीस भरवले. म्हणजे खोटं केलं. मी त्यांना म्हटलं, "सर, मी शेण काढून पहिल्या तासाला आलेली पोरगी हाय. वास येतोय म्हणून मागं बसले असंन, पण खोटं बोलून पुढं न्हाई बसले." ते म्हणाले, "माझा विश्वास आहे, पण कागदाला विश्वास पुरत नाही. शोधून काढ." शोध लागला नाही तर सगळे चाळीस नमुने रद्द. ते रद्द तर गाठींतल्या सात आणि नऊ प्रतींना काही अर्थ नाही. सहा वर्षं पाण्यात, आणि वर नावाला डाग. घरातल्या पहिल्या पदवीधर पोरीच्या.

मी घरी आले. चेहरा बघून आईनं नुसतं गोठ्याकडं बोट केलं. तू गोठ्यात होतीस. मी दारातच सांगायला लागले. चार बायका, एकच डीएनए, सर असं म्हणाले. तू धार काढत होतीस, मान खाली. धारा चरवीच्या बाहेर पडत होत्या.

"आत्ती?"

"त्या चौघी मीच हाय," तू म्हणालीस.

"काय?"

"तिघी आल्या नव्हत्या न्हवं? एक मुरगूडला लेकीच्या बाळंतपणाला गेलती, दोघी लग्नाला. हळदीकुंकवात जी येत न्हाई तिचं वाण दुसरीनं घ्यायचं असतंय का न्हाई? तिघींची वाणं मीच घेतली. पोचवली बी. मग वाण घेतलं म्हटल्यावर तोंड कोण द्यायचं?"

"आणि आशाताई काय करत होत्या?"

"ती चहाला उठली की मी आत जायाचो. नळ्या मांडलेल्याच हुत्या. तुझी वही भरली पायजे न्हवं? चाळीस म्हणून सांगितलंवतंस, सदतीसच कशा दिसल्या असत्या? पाहुण्यात मान खाली गेली असती."

"पण संमतीच्या कागदावर सह्या?"

तू धार थांबवलीस आणि दुखावून माझ्याकडं बघितलंस. "सही कशी करीन? दुसऱ्याच्या नावानं सही करायला मी काय लबाड हाय? अंगठा दिला. अंगठा काय, सगळ्यांचा सारखाच की."

आत्ती, आज हे लिहिताना मला हसू आवरत नाही. पण तेव्हा मी काय केलं, ते तुला आठवतं आणि मलाही. मी ओरडले. गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. "तुला काय कळतंय गं? अडाणी कुठली!"

तुला सही करायला मी शिकवली होती. मी तिसरीत होते. तू पाटीवर 'हिराबाई' लिहायला महिनाभर घेतलास, आणि मग त्या एका शब्दासाठी दूध संस्थेच्या मीटिंगला मिरवत गेलीस, कारण तिथं रजिस्टर असतं. त्या बाईला मी, तिनं कॉलेजात नेऊन घातलेल्या पोरीनं, अडाणी म्हटलं. धार पुरी केलीस. निरसं दूध पेल्यात ओतून माझ्यासमोर ठेवलंस आणि शेण भरायला गेलीस.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगायला मी घाबरत गेले. वाणाची गोष्ट कशी सांगायची तेच कळत नव्हतं. सांगितली. सर ऐकत राहिले, अंगठ्याच्या वाक्यावर आले तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग तो हळू बोलणारा माणूस असा हसला की शेजारच्या प्रयोगशाळेतून मुली बघायला आल्या. हसून झाल्यावर त्यांनी एकदम कागद ओढला. "त्या चारही नळ्यांची मोजणी काय आली होती?"

मी वही उघडली. दोन नळ्या पहिल्या खेपेत केलेल्या, बाकीच्या दोन त्यानंतर तीन आठवड्यांनी. चारही ठिकाणी आकडा दोनच्या इतका जवळ, की एकाच्या पोटात दुसरा बसावा.

"तुला माहीत नव्हतं या चार एकाच बाईच्या आहेत."

"नव्हतं सर."

"वेगवेगळ्या दिवशी, न कळता, तू एकच बाई चारदा मोजलीस आणि चारदा तेच उत्तर काढलंस. मी विचारत होतो ना, मोजणी डुलते का? हे उत्तर. असा प्रयोग मी स्वतः आखला असता तरी तुझ्यापासून इतका लपवता आला नसता."

मग जे रीतसर होतं ते सगळं केलं. सरांनी नैतिकता समितीला पत्र लिहिलं. 'वाण' इंग्रजीत कसं समजावायचं यावर त्यांचे तीन दिवस गेले. खोट्या तिन्ही नोंदी रद्द झाल्या, त्या तिघी स्वतः येऊन नमुना देऊन गेल्या, आणि तुझ्या जादा तीन नळ्या प्रबंधात 'अजाणता झालेली फेरमोजणी' म्हणून उघडपणे लिहिल्या. मोजणी पक्की झाली म्हणून पुढचं दार उघडलं. सामाईक तुकड्यातल्या चार जनुकांपैकी गाठींत खरोखर जोरात चालू असलेलं एकच निघालं, ऑटो. ते पेशींत दाबून बघितलं, तर पेशींची वाढ मंदावली. जग जिंकलं असं मी म्हणत नाही. अजून बरंच सिद्ध व्हायचंय, औषध तर लांबची गोष्ट. पण वीस-बावीस जणांच्या गर्दीतून आम्ही एकाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात आपल्या गावाचा, गडमुडशिंगीचा आहे. याचा मला गर्व आहे. असू दे.

मी हे तुला सांगायला धावत आले तेव्हा तू काय म्हणालीस? "बघ. अडाणी हाय म्हणून चारदा दिलं. शिकलेली असतो तर एकदाच दिलं असतं, आणि तू बसली असतीस रडत."

मी हसले. तूही. आणि त्या हसण्यात माझी माफी मागायची राहून गेली. मला वाटलं, हसलो म्हणजे मिटलं. मिटलं नव्हतं, आत्ती. निदान माझ्या बाजूनं.

आणि त्याच दिवशी मी दुसरी चूक केली. आनंदात बोलून गेले की तुझ्या चारही नळ्यांत प्रती दोनच आल्या. मी गुप्तता म्हणून दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. तू डेअरीच्या रांगेत दवंडी पिटलीस. त्या दिवसापासून मिश्री सोड म्हटलं की तुझं एकच उत्तर, "मी चारदा पास हाय. युनिवर्सिटीत." पीएच.डी.ची पोरगी आणि तुझ्यापुढं गप. मी तुझ्या तोंडावर पहारा देत बसले. गालात पांढरं दिसतंय का, आग होतेय का. आणि मरण आलं काळजाच्या दारानं. डॉक्टरांना विचारलं, तंबाखूमुळं? ते म्हणाले, एका माणसाचं असं ठामपणे सांगता येत नाही, पण तंबाखू काळजालाही सोडत नाही. मी तिकडं बघितलंच नव्हतं.

आता व्हायवाचं सांगते. नाहीतर तू म्हणशील, रडगाणं नको, मुद्द्यावर ये.

व्हायवा सगळ्यांना खुला असतो हे तूच बायकांना सांगून ठेवलं होतंस. तू नसताना कोण येणार, असं मला वाटलं. मंगळवारी सकाळी विद्यापीठाच्या फाटकापाशी टेम्पो थांबला आणि त्यातून तेवीस बायका उतरल्या. नव्या साड्या, डोक्यावर पदर, हातात पाण्याच्या बाटल्या. फाटकावरच्या माणसानं विचारलं, "कुठला मोर्चा?" शेवंताकाकी म्हणाली, "पोरगीच्या परीक्षेला आलोय. सरक बाजूला." सभागृहात पहिल्या दोन रांगा त्यांनी घेतल्या. विभागातले प्राध्यापक तिसऱ्या रांगेत गेले.

मी बोलले. पट्टा, सामाईक तुकडा, ऑटो, तुझ्या चार नळ्या. बाहेरच्या परीक्षकांनी अवघड प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. मग ते म्हणाले, श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय? हे नुसतं विचारायचं असतं. कुणी विचारत नसतं.

शेवंताकाकी उभी राहिली.

"बाय, आमची हिराक्का चारदा पास झाली म्हणून आमी समद्या मिश्री लावतोय बघ. ती पास म्हंजे आमी बी पास. हाय न्हवं तसं?"

सभागृहात हसू उठलं. मला हसू आलं नाही. तेवीस तोंडं तुझ्या जिवावर निर्धास्त बसली होती, आत्ती, आणि त्याला कारण माझी जीभ. बारा वर्षांत जे उत्तर मला पायरीवर सुचलं नव्हतं ते तिथं सुचलं.

"न्हाई काकी," मी म्हणाले. "नळ्या चार हुत्या, पण बाई एक आणि दिवस एक. चारदा मोजलं म्हणून माझी मोजणी पास झाली, आत्ती न्हाई. त्या एका शुक्रवारी तिच्या गालात ऑटो दिसला न्हाई, एवढंच. त्याच्या फुडच्या शुक्रवारचं कुणी सांगितलंय? आणि तुमचं तोंड तुमचं हाय. ह्यात एकीचं वाण दुसरीला घेता येत न्हाई."

"मग सोडली तर बटण बंद हुतंय व्हय?"

"बिघडलेलं बटण बंद हुईल असं मी सांगत न्हाई. पण रोज त्याला हात लावायचा थांबवला तर बिघडायचा धोका कमी हुतोय. आणि तोंड दाखवून घ्या. लवकर दिसलं तर इलाज हाय."

काकीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "हिराक्काला ह्ये सांगितलंवतंस काय?"

"न्हाई," मी म्हणाले. "राहिलं."

बघ, आपलं भांडण मी जिंकलं. पहिल्या रांगेतली तुझी खुर्ची मात्र दुसऱ्याच कुणाकडं होती. काकी शनिवारी तोंड दाखवायला येते म्हणालीय, आणखी चौघी-पाच जणींना घेऊन. डबी काही टाकली नाही अजून. बघू. तूच शिकवलंयस, म्हशीला घाई करून चालत नाही.

प्रबंधाच्या आभाराच्या पानावर सगळं इंग्रजीत आहे. शेवटची एक ओळ मी सरांना विचारून मराठीत ठेवली. ती त्या दिवशी तुला वाचून दाखवणार होते, सभागृहातून बाहेर पडल्यावर, चहाच्या गाड्यापाशी. ओळ अशी आहे: 'आणि आत्तीला. अडाणी मी होते.'

एवढंच होतं गं. एवढंच म्हणायला दीड वर्ष लागलं.

निकाल जाहीर झाला, पेढे वाटून झाले, बायकांनी परीक्षकांनाही पिशवीतून आणलेल्या शेंगा दिल्या. मग सर हजेरीचा कागद घेऊन माझ्याकडं आले. खुल्या व्हायवाला कोण हजर होतं त्याच्या सह्या घेतात, तो कागद.

"वैशाली, गावाकडच्या बायका मी मोजल्या. तेवीस आहेत. नावं चोवीस आहेत."

मी कागद घेतला. खाली, शेवटच्या ओळीत, दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेलं नाव, 'हिराबाई'. आणि पुढं सहीच्या जागी निळा अंगठा.

तू कधी अंगठा दिला असतास का तुझ्या नावापुढं? मरून गेलीस तरी दिला नसतास. मी पहिल्या रांगेकडं बघितलं. शेवंताकाकी छताचा पंखा बघत होती आणि उजव्या हाताचा अंगठा पदराला पुसत होती. पदर निळा झाला होता.

सरांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, मग पुन्हा कागदाकडं.

"फेरमोजणी का?" त्यांनी हळूच विचारलं.

"व्हय सर."

त्यांनी पेन काढलं आणि खाली एकूण हजेरी लिहिली. चोवीस.

अंगठा काय, आत्ती. सगळ्यांचा सारखाच की.